‘संस्कार’ (१९७०) : पहिला उंदीर कधी पडला?

चरईकरीण (धागाकर्ती)

गेल्या रविवारी ठाण्यातल्या आमच्या लहानशा चित्रपट मंडळाने यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कादंबरीवरचा ‘संस्कार’ हा कन्नड चित्रपट दाखवला. पाऊस इतका होता की बारा-तेराच माणसे जमली, पण चित्रपट संपल्यावर त्यांपैकी कोणी तासभर उठले नाही. हा धागा त्या तासाभरात निघालेल्या एका प्रश्नाविषयी आहे.

ज्यांनी पाहिला किंवा वाचला नसेल त्यांच्यासाठी कथेचा गाभा थोडक्यात सांगते. पश्चिम घाटातले दुर्वासपूर हे माध्व ब्राह्मणांचे अग्रहार. तिथला नारणप्पा आचारविचार सोडून राहिलेला : दारू पिणारा, मांस खाणारा, देवळाच्या तळ्यातले मासे धरणारा, चंद्री या बाईला घरात ठेवणारा. त्याला वाळीत टाकावे असे सगळ्यांच्या मनात असूनही कोणी टाकलेले नाही, कारण आपण मुसलमान होऊ अशी त्याने धमकी दिलेली आहे. हा नारणप्पा शिमोग्याहून ताप घेऊन परततो आणि मरतो. आता त्याला अग्नी कोणी द्यायचा? तो ब्राह्मण राहिला होता की नव्हता? प्रेत उचलले जात नाही तोवर अग्रहारात कोणी जेवू शकत नाही, आणि अग्रहारातले सर्वांत मोठे विद्वान प्राणेशाचार्य यांना निर्णय पोथ्यांत सापडत नाही. या खोळंब्यातच उंदीर मरू लागतात, छपरांवर गिधाडे येऊन बसतात आणि मग माणसे मरू लागतात.

आम्ही सगळे धर्म, वासना आणि ढोंग याच रस्त्याने बोलत होतो. आपले जुने ‘ग्रामण्य’, म्हणजे जातीने माणसाला वाळीत टाकणे, आठवले. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांपर्यंत पोहोचलेला प्रायश्चित्ताचा वाद आठवला. तेवढ्यात मंडळातल्या, प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या एका ताईंनी विचारले, “या अग्रहारात पहिला उंदीर कधी पडला, याचा कोणी हिशेब केला आहे का?” कोणीच केला नव्हता. त्या याच संकेतस्थळावर असतात, म्हणून त्यांना इथेच सविस्तर लिहिण्याची विनंती करते.

येऊरकर

चांगला विषय घेतलात, ताई. चर्चा सुरू होण्याआधी चित्रपटाविषयी थोडे लिहितो, कारण ज्या काळात तो झाला ते समजल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही.

दिग्दर्शक पट्टाभिराम रेड्डी. प्राणेशाचार्यांच्या भूमिकेत गिरीश कर्नाड. (मराठी प्रेक्षकांना ते ‘उंबरठा’मुळे माहीत आहेत, पण त्यांचा जन्म आपल्या माथेरानचा, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) नारणप्पा झाले आहेत पी. लंकेश, जे स्वतः कन्नडमधले मोठे लेखक होते, आणि चंद्री झाल्या आहेत स्नेहलता रेड्डी. कॅमेरा टॉम कोवन या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराचा. बाहेरून आलेल्या माणसाच्या नजरेला घरांची ओसरी, ओलसर दगड आणि उघडी अंगे नवी दिसली असणार, आणि त्या नवेपणाचा चित्रपटाला फायदा झाला असे मला नेहमी वाटते. सेन्सॉरने आधी चित्रपट अडवला होता. नंतर तो सुटला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कन्नड चित्रपटाला तो मान पहिल्यांदाच मिळाला होता. स्नेहलता रेड्डी पुढे आणीबाणीत तुरुंगात गेल्या, तिथे त्यांचा दमा बळावला आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९७७ मध्ये, त्या वारल्या. चंद्रीला पाहताना मला ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

आता उंदरांविषयी. माझे मत असे की साहित्यकृतीतला प्लेग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू नये. अनंतमूर्तींना सडलेल्या समाजाची प्रतिमा हवी होती आणि ती त्यांनी प्लेगमधून उभी केली. उंदीर कोणत्या दिवशी पडला यावर कादंबरी उभी नाही.

निवृत्त परीक्षानळी

चरईकरीणताईंनी मला पुढे केलेच आहे, तर लिहिते.

गाठीचा प्लेग हा मुळात उंदरांचा रोग आहे. त्याचा जंतू यर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये शोधला, आणि तो पिसवांमार्फत पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले. जंतू उंदराच्या रक्तात असतो, उंदीर मेला की त्याचे अंग गार पडते, आणि पिसवा गार अंगावर थांबत नाहीत. त्या दुसऱ्या उंदराकडे जातात. उंदीर कमी होत गेले की मग त्या माणसाकडे वळतात. म्हणून साथीचा क्रम ठरलेला असतो : आधी उंदीर, आणि साधारण दीड-दोन आठवड्यांनी माणसे. पिसू चावल्यापासून ताप येईपर्यंत आणखी दोन ते सहा दिवस जातात. जांघेतली किंवा काखेतली गाठ त्यानंतरची.

आता दुर्वासपुराकडे पाहा. नारणप्पा मेला आणि लगोलग तिथे उंदीर पडू लागले. अग्रहाराच्या मनात जोडणी सरळ आहे : हा पापी बाहेरून रोग घेऊन आला, त्याचे प्रेत कुजत पडले, म्हणून हे अरिष्ट. प्रेक्षकही नकळत हीच जोडणी करतो. रविवारी आपण सगळ्यांनी केली. परंतु एका आजारी माणसाने येऊन दोन-तीन दिवसांत गावभरचे उंदीर मारणे या रोगाला जमत नाही. अंगावर गाठ असलेल्या रोग्यापासून उंदराला रोग सहसा होत नाही, आणि प्रेताच्या दुर्गंधीतून तर होतच नाही. उंदीर त्या दिवशी घरांतून गरगरत बाहेर येऊन मरत असतील, तर त्यांच्यातली साथ बिळांमध्ये, माळ्यांवर आणि धान्याच्या कोठ्यांत किमान आठवडाभर, बहुधा त्याहून जास्त दिवस चालू असली पाहिजे. म्हणजे नारणप्पा शिमोग्याहून परतला तेव्हा रोग अग्रहारात आधीच पोहोचलेला होता. तो कोणी आणला? तांदळाच्या पोत्यातून आला असेल, गवताच्या गाडीतून आला असेल. ज्या घरात धान्य जास्त, त्या घरात उंदीर जास्त; आणि धान्य कोणाच्या घरात जास्त होते हे कादंबरी वाचणाऱ्याला सांगायला नको.

येऊरकर, मी कादंबरीची चूक काढत नाही. मी एवढेच म्हणते की ज्या आरोपावर नारणप्पाला सगळ्यांनी मनातून फासावर चढवले, त्या आरोपातून पिसवा त्याला सोडवतात.

येऊरकर

युक्तिवाद आवडला, पण एक शंका आहे. नारणप्पा शिमोग्याला वरचेवर जात असावा. आधीच्या एखाद्या खेपेला त्याच्याच वळकटीतून पिसवा आल्या असतील तर?

निवृत्त परीक्षानळी

शक्य आहे, आणि तसे असेल तर माझा अशील अडचणीत येतो. पण मग शिमोग्याच्या बाजारात जाऊन आलेला प्रत्येक ब्राह्मण तितकाच संशयित ठरतो. संशय सगळ्यांवर सारखा वाटला गेला की त्याला पाप म्हणता येत नाही, आणि माझे म्हणणे तेवढेच आहे.

मलनाडी ऐरोलीकर

नमस्कार. माझे आजोळ तीर्थहळ्ळीकडचे, जन्म मुंबईचा आणि गेली वीस वर्षे मुक्काम ऐरोलीत. माझ्या मराठीत काही चुकले तर सांभाळून घ्या.

अनंतमूर्ती त्याच तालुक्यातल्या मेळिगे गावचे. कादंबरी कशी सुचली याविषयी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि दोन्ही या धाग्याच्या विषयाला थेट लागू आहेत. पहिली त्यांच्या लहानपणची. त्यांच्या भागात प्लेग आला तेव्हा अग्रहारातल्या लोकांना लस टोचली गेली, पण अस्पृश्य वस्तीला टोचली गेली नाही, कारण टोचायचे म्हणजे शिवावे लागणार. ती माणसे मेली आणि त्यांच्या झोपड्या एकेक करून जाळल्या गेल्या. दुसरी गोष्ट १९६० नंतरच्या दशकातली. ते इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला शिकत असताना त्यांनी इंगमार बर्गमनचा ‘सेव्हन्थ सील’ पाहिला, तोही खालच्या इंग्रजी ओळींशिवाय. तो चित्रपट युरोपातल्या मध्ययुगीन प्लेगच्या काळात घडतो. त्यांना वाटले की युरोपातल्या माणसाला मध्ययुग ग्रंथांतून उभे करावे लागते, आपल्याकडे मात्र ते शेजारच्या घरात चालू असते. त्यातून १९६५ ची ही कादंबरी आली. प्लेगच्या चित्रपटावरून प्लेगची कादंबरी आणि तिच्यावरून पुन्हा चित्रपट, असा हा फेरा आहे.

म्हणून येऊरकरांच्या ‘प्रतिमा’ या शब्दाशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. ज्या मुलाने जळणाऱ्या झोपड्यांविषयीचे बोलणे कानांनी ऐकले, त्याच्यासाठी प्लेग आधी प्लेग होता.

कादंबरीत त्या झोपड्या आहेत. बेळ्ळी या अस्पृश्य बाईच्या वस्तीत माणसे मरतात आणि वस्तीतले लोक मृतासकट झोपडी पेटवून देतात. एका बाजूला अग्रहारात एक प्रेत, आणि त्याला हात कोणी लावायचा यावर दिवसेंदिवस वाद; दुसऱ्या बाजूला वाद नाही, पोथी नाही, त्याच रात्री आग. रोगाच्या दृष्टीने पाहिले तर शहाणपणाचे कोणी वागले, हे परीक्षानळीताईच सांगतील. मी चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा माझे डोळे ही वस्तीच शोधत होते, आणि माझ्या मते चित्रपटाने तिला कादंबरीपेक्षा कमी जागा दिली आहे. कॅमेरा अग्रहाराच्या ओसरीवर रमतो.

निवृत्त परीक्षानळी

झोपडी जाळल्याने गवतातले उंदीर आणि अंथरुणातल्या पिसवा, दोन्ही जातात. मुंबई इलाख्यात सरकारी अधिकारीही रोग्यांच्या झोपड्या जाळत. त्यांनी जाळल्या तो सरकारी उपाय, आणि या लोकांनी जाळल्या ते अज्ञान, असे मात्र आपण म्हणतो.

पाचपाखाडीचे काका

मंडळी, मी चित्रपट पाहिलेला नाही, पण धागा वाचून राहवले नाही.

आपल्याकडे प्लेग म्हटले की रँड आठवतो. २२ जून १८९७ ची गणेशखिंडीतली ती रात्र, चापेकर बंधू, घराघरांत घुसणारे गोरे सोल्जर. त्या तारखेच्या नावाचा जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा १९७९ चा मराठी चित्रपटही आहे. तो उत्तम आहे यात शंका नाही. परंतु त्यातही प्लेग हे निमित्त आहे; गोष्ट प्लेगच्या बंदोबस्ताची आणि त्याच्या सुडाची आहे. बंद दाराआड, ज्या घरात गाठ आली त्या घरात काय बोलणे झाले असेल, सुनेला गाठ आली तर तिला माहेरी धाडायचे की मागच्या खोलीत ठेवायचे, हे आपल्या स्मरणात फारसे उतरलेले नाही. याला आपल्याकडचा एक मोठा अपवाद आहे, तो सावित्रीबाईंचा. मुंढव्याहून प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी आपले दत्तक पुत्र यशवंतराव यांच्या दवाखान्यात आणले, स्वतःला रोग लागला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ‘शिवायचे की नाही’ या प्रश्नाचे हे दुसरे उत्तर आहे, आणि ते ‘संस्कार’मधल्या काळाच्या किती तरी आधीचे आहे.

आता ठाण्याविषयी. मुंबईत मांडवीला सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी रोग ओळखला. १८९१ च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती, आणि काही महिन्यांत जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली. ती जाणार कुठून? एक तर समुद्रमार्गे कोकणात, नाही तर आपल्या ठाण्या-कल्याणवरून रेल्वेने. मुंबईहून निघालेल्या उतारूंना कल्याणला उतरवून त्यांच्या काखा-जांघा तपासल्या जात. आज कल्याणला गाडी थांबली की आपण वडापाव घेतो.

माझे आजोबा सांगत की गावात ‘उंदीर पडले’ एवढे दोन शब्द कानावर आले तरी लोक भांडी बांधायला घेत. गाव रिकामे करून माळावर खोपटी घालून राहायचे, आणि महिना-दोन महिन्यांनी परतायचे. ‘प्लेग’ हा शब्द तोंडातून काढत नसत. वर्तमानपत्रांत ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव यायचे आणि घरात नुसते ‘गाठीचा ताप’. ज्यांना शास्त्र ठाऊक नव्हते त्यांनाही उंदराची भाषा कळत होती. मग या दुर्वासपुरातल्या विद्वानांना ती का कळली नाही, एवढेच मला विचारायचे आहे.

चरईकरीण

काका, तुमच्या प्रश्नातच मला माझे उत्तर सापडते आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

त्यांना कळले नाही, कारण त्यांच्यासमोर आधीच दुसरा प्रश्न होता आणि तो त्यांच्या ओळखीचा होता. मेलेला माणूस ब्राह्मण की अब्राह्मण, याचे शास्त्र आहे, मठ आहे, गुरू आहेत, पारिजातपूरच्या स्मार्त ब्राह्मणांना विचारण्याची सोय आहे. उंदरांसाठी यांतले काहीच नाही. कादंबरीत गिधाडे छपरावर बसतात तेव्हा ही माणसे शंख फुंकतात, घंटा आणि तबके बडवतात. गिधाडे उडतात आणि पुन्हा येतात. हातात जे वाद्य आहे त्यानेच माणूस संकट हाकलतो. (आपणही कोविडच्या काळात गच्चीत उभे राहून थाळ्या वाजवल्या होत्या, मीही वाजवली होती, म्हणून हसण्याचा अधिकार मला नाही.) रोगाचे नाव अग्रहारात कोणी घेत नाही. ते शेजारच्या पारिजातपुरात, बाहेरच्या जगाची खबर ठेवणाऱ्या मंजय्याच्या मनात येते.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती संपूर्ण कादंबरीतली सर्वांत भेदक वाटते. चंद्री वाट पाहून थकते आणि रात्री गाडीवानाकडे जाते. तो नकार देतो. मग अहमद बारी हा मासळीचा व्यापारी, ज्याला नारणप्पाने कधी काळी अडचणीत मदत केली होती, तो येतो आणि दोघे मिळून प्रेत गुपचूप जाळून टाकतात. चंद्री कुंदापूरला निघून जाते. अग्रहाराला यातले काहीच ठाऊक नाही. म्हणजे पुढचे सगळे वाद, मठापर्यंतची पायपीट, चंद्रीच्या दागिन्यांवरची नजर, हे सगळे जे प्रेत आता राखच झाले आहे त्याच्याविषयी चालू राहते. आणि परीक्षानळीताईंच्या हिशेबाने पाहिले, तर त्यानंतर अग्रहाराला येणारी दुर्गंधी नारणप्पाची उरतच नाही. ती भिंतींत आणि माळ्यांवर मेलेल्या उंदरांची असणार. घरातल्या दुर्गंधीचे खापर ते अजून त्याच्याच माथी फोडत असतात.

मी ही कादंबरी तीनदा वाचली आहे. हे माझ्या लक्षात रविवारपर्यंत आले नव्हते.

येऊरकर

हे मान्य केलेच पाहिजे. मी ‘सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू नये’ असे लिहिले होते, ते मागे घेतो.

पण मग रूपांतराविषयी एक तक्रार वाढते. कादंबरीच्या शेवटच्या भागात प्राणेशाचार्य पत्नीला, भागीरथीला, अग्नी देऊन निघतात आणि भटकत राहतात. पुट्ट नावाचा बोलघेवडा माणूस त्यांना चिकटतो, मेळिगेच्या जत्रेत कोंबड्यांची झुंज, गर्दी, देवळातली पंगत, आणि सुतकात असताना त्या पंगतीत बसण्याची भीती. हा सगळा भाग डोक्याच्या आत घडतो. पानावर तो वीस-वीस ओळींच्या वाक्यांनी पेलता येतो. पडद्यावर मात्र चालणारा माणूस दिसतो आणि त्याच्या मनातले आपल्याला चेहऱ्यावरून ओळखावे लागते. कर्नाडांचा हा पहिलाच चित्रपट होता. त्यांच्या चेहऱ्यावर विद्वत्ता आहे, देखणेपण आहे, पण ती घालमेल मला पूर्ण पोहोचत नाही. वादविवादाच्या प्रसंगांत चित्रपट कादंबरीच्या तोडीस तोड आहे, कारण वाद ही मुळातच बघण्या-ऐकण्याची गोष्ट आहे. भटकंतीत तो मागे पडतो.

चरईकरीण

रविवारी माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचा अनुभव याच्या अगदी उलट होता. ते म्हणाले, की पुस्तकातले मनातले बोलणे त्यांना जड गेले होते आणि चित्रपटातला तो नुसता चालणारा माणूस अधिक एकटा वाटला. मी अजून मत बनवू शकलेले नाही.

सानपाड्यातला सावंतवाडीकर

थोडे अवांतर आहे, पण फार नाही. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली एक ताप सापडला. माकडे मरायची आणि मग माणसे आजारी पडायची. तो गोचिडींमुळे होतो. गेल्या काही वर्षांत तोच ताप आमच्या दोडामार्ग आणि बांद्याच्या बाजूला आला. काजूच्या बागेत माकड मेलेले दिसले की गावात निरोप फिरतो आणि कोणी त्या बाजूला फिरकत नाही. म्हणजे आजोबांच्या काळचे ‘उंदीर पडले’ आमच्याकडे ‘माकड पडले’ झाले आहे. माझ्या काकांच्या वाडीत मात्र पहिल्या वर्षी लोकांनी मेलेल्या माकडाला मारुतीचे म्हणून हळद-कुंकू लावून पुरले होते. प्राणेशाचार्यही निर्णयासाठी मारुतीच्याच देवळात जाऊन बसतात, नाही का?

मलनाडी ऐरोलीकर

हो, आणि मारुती उत्तर देत नाही. उजवा कौल नाही, डावा कौल नाही. माझ्या आजीला कादंबरीचा राग होता तो चंद्रीमुळे नव्हता. देव गप्प बसला असे लिहिले म्हणून होता.

पाचपाखाडीचे काका

१९९४ ची आठवण इथे नोंदवून ठेवतो. सप्टेंबरमध्ये सुरतेत प्लेग आला आणि तिकडून सुटलेल्या गाड्या मुंबईकडे येऊ लागल्या. मी तेव्हा रोज ठाण्याहून व्हीटीला जात असे. डब्यात निम्मी माणसे तोंडाला रुमाल बांधून बसलेली आणि औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झालेले. पण त्याच्या आधी, ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचे रोगी निघाले होते, हे आता कोणी सांगत नाही. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोक भीतीने घराबाहेर राहत होते आणि धान्य रिकाम्या घरांत तसेच पडून होते. परीक्षानळीताईंच्या धान्याच्या कोठ्या वाचल्या आणि ते मामला डोळ्यांसमोर आले. त्या गावाने काय पाप केले होते?

नेरूळची वाचक

मी इथे क्वचित लिहिते. हा धागा दोन दिवस वाचते आहे आणि लिहावे की न लिहावे हे ठरत नव्हते.

एप्रिल २०२१ मध्ये माझे वडील एका रुग्णालयात गेले. भाऊ स्वतः आजारी, आई विलगीकरणात आणि मी दारात उभी. आम्हाला प्रेत दिले नाही. स्मशानात कोणी एकाने दुरून यावे असे सांगितले. मी गेले. तिथे पोशाखात नखशिखान्त झाकलेली दोन माणसे होती. त्यांतल्या एकाने मला विचारले, “ताई, नाव काय घेऊ?” मी वडिलांचे नाव आणि गोत्र सांगितले. गोत्र त्याला नीट उच्चारता आले नाही, पण त्याने ते दोनदा म्हटले आणि अग्नी दिला. तो कोण, कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, मला माहीत नाही. चेहराही दिसला नाही. तेराव्याला एका नातेवाइकांनी फोनवर विचारले की विधी यथासांग झाला का, नसेल तर पुतळा करून पुन्हा करावा लागेल. मी ‘झाला’ म्हटले आणि फोन ठेवला.

‘संस्कार’ मी महाविद्यालयात अभ्यासासाठी वाचली होती आणि तेव्हा अहमद बारीचा प्रसंग मला कथेच्या सोयीसाठी घातलेला वाटला होता. परीक्षेत मी तसे लिहिलेही होते.

चरईकरीण

तुम्ही लिहिलेत, बरे केलेत. पुढच्या महिन्यात आम्ही चित्रपट पुन्हा दाखवणार आहोत, कारण पावसामुळे पुष्कळांचा हुकला. ठाण्याला येणे जमले तर नक्की या. नाही जमले तर मी ऐरोलीपर्यंत येईन, मलनाडीदादांच्या घरी बसून पाहू.

मलनाडी ऐरोलीकर

घर आपलेच आहे. आई कॉफी करील आणि जिथे इंग्रजी ओळी कमी पडतात तिथला कन्नड अर्थ सांगील. एक सूचना : मुलांना आणणार असाल तर शीर्षक आधी समजावून सांगा. माझ्या भाचीला वाटले होते की हे संस्कारवर्गाविषयी आहे, आणि पहिल्या दहा मिनिटांतच तिने दारू कोण पितो आहे असे विचारले. नंतर तिने गिधाडांविषयी विचारले. तिने ठाण्यात गिधाड कधी पाहिलेलेच नाही. गुरांना पूर्वी दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे ती संपली, हे तिला सांगताना मला पुन्हा परीक्षानळीताईंचा हिशेब आठवला.

येऊरकर

परीक्षानळीताई, एक शेवटचा प्रश्न. कादंबरी संपते तेव्हा प्राणेशाचार्य गाडीत बसून दुर्वासपुराकडे परत निघालेले असतात आणि पुढे काय ते लेखक सांगत नाही. चंद्रीने प्रेताला हात लावला, अहमद बारीनेही लावला. तुमच्या हिशेबाने त्यांचे काय झाले असेल?

निवृत्त परीक्षानळी

प्रेत गार पडल्यावर पिसवा त्याच्यावर राहत नाहीत, त्यामुळे प्रेत उचलण्याचा धोका लोक समजतात त्यापेक्षा कमी होता. अहमद बारी तेवढ्यापुरता घरात आला आणि गेला. तो बहुधा वाचला. चंद्रीचे तसे नाही. ती त्या घरात राहत होती, आजारी माणसाच्या उशाशी बसत होती, त्याच अंथरुणा-पांघरुणात वावरत होती. तिला पिसू चावली असेल तर ताप यायला दोन ते सहा दिवस. कुंदापूरला पोहोचेपर्यंत तिला काहीच जाणवले नसते. कादंबरीतले दिवस मी काल रात्री बोटांवर मोजून पाहिले. आचार्य गाडीत बसतात तेव्हा तिची मुदत अजून संपलेली नसते.